अकरा इंची कॉइल आणि अक्काची बोरमाळ

आधीच सांगून ठेवतो... भूत, भानामती, करणी, उतारा, यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. आधीही मानत नव्हतो. आमच्या घरचं माणूस म्हणतं, "ह्यांचा जित्या माणसांवर विश्वास नाही, मेलेल्यांचं काय घेऊन बसलात!" खरंय तिचं. देवळात जाताना एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात काढणारा माणूस आहे मी. जोडी दिसली की चोराला मोह होतो, एकटी चप्पल कोण नेतंय? माहूरला गडावर दर्शन घेऊन आलो आणि दुसरी चप्पल कुठं काढली तेच आठवेना, तेव्हा बायको पायरीवर बसून पोट धरून हसली होती. हसू दे. चोरीला तर गेली नाही ना!

तर हे लिहायचं कारण वेगळंच आहे. मागे या ग्रुपवर एकानं विचारलं होतं की काळ्या मातीत मेटल डिटेक्टरला कॉइल कुठली लावावी, मोठी का लहान? बऱ्याच जणांनी उत्तरं दिली. मीही दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. कारण खरं उत्तर द्यायचं तर अक्काच्या शेतातली गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी आजवर बायकोलाही पूर्ण सांगितलेली नाही.

माझं नांदेडला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हा धंदा. तांब्याच्या तारेत आयुष्य गेलं. त्यामुळे मेटल डिटेक्टरचा नाद लागला तेव्हा मला त्यात जादू वगैरे काही वाटली नाही. खालची ती गोल थाळी म्हणजे कॉइल. आत तारेचेच वेढे. जमिनीवरून फिरवली आणि खाली धातू असला की कानात आवाज येतो. रविवारी नदीकाठी, उजाड माळावर फिरायचं... घोड्याचे नाल, जुनी बटणं, बैलाच्या गळ्यातली घुंगरं असलं काय काय मिळतं. गुप्तधनवाल्यांनी पुढं वाचूच नये. असले लोक दुकानात येतात, "भाऊ, हंडा किती फुटांवरचा दाखवतं?" म्हणतात, आणि मी त्यांना दारातूनच वाटेला लावतो.

याच लोकांपायी मी माझ्या मशीनचा स्पीकर कधीच काढून टाकलाय. आवाज झाला की गाव गोळा होतं आणि प्रत्येकाला वाटतं, याला काहीतरी घबाड मिळालं. मी फक्त हेडफोनवर ऐकतो. जे वाजतं ते माझ्या कानात, बाहेर चिटपाखराला कळत नाही. हे लक्षात ठेवा.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणतो, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावात दिली आहे. येळवस झाल्यावर एके दिवशी सकाळीच तिचा फोन आला. लातूरकडच्यांना येळवस सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. वेळ अमावास्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोपी घालायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, भज्जी-उंडे-खीर-आंबील पोटाला तड लागेस्तोवर खायची, आणि आंबील शिंपत शेताला फेरी घालायची. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही.

माझ्या भाच्याचं, संदीपचं, नुकतंच लग्न झालं होतं. सुनेची, मनीषाची, ही सासरची पहिली येळवस. म्हणून अक्कानं हौसेनं स्वतःची बोरमाळ तिच्या गळ्यात घातली. ही बोरमाळ आमच्या आईची. आई गेल्यावर अक्काकडं आली. मनीषानं डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन सगळ्यांबरोबर शेताला फेरी घातली, मग पाहुण्यांना वाढलं, आणि दुपारी भांडी घासताना अक्काचं लक्ष गेलं तर गळ्यात माळ नाही!

पाहुण्यांत मनीषाचा भाऊ होता. तो जेवण झाल्या झाल्या गाडीला किक मारून निघून गेला होता. झालं... आणखी काय पाहिजे?

"किशन, तू येकदा मशीन घिऊन ये बाबा," अक्का फोनवर म्हणाली. "शेतात पडली म्हणतीया. पडली आसंल तर गावंल. न्हाई गावली तर मंग कळंलच की कुठं गेली ते."

म्हणजे तिला माळ सापडायला नको होती, ती शेतात नाही याचा पुरावा पाहिजे होता. मशीन गप्प राहिलं की सून चोर. तिच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. संदीपनं तिची बॅग भरून ओसरीवर आणून ठेवलेली होती. घरात शिरताना ती बॅगच आधी दिसली मला.

खरं सांगू? मलाही पोरीचाच संशय होता. लोहा, अहमदपूर मागं पडलं तोवर डोक्यात सगळा हिशेब जुळला होता. भाऊ लवकर का गेला? घाई काय होती? मग वाटलं, संदीपच कशावरून नाही? मग वाटलं, अक्काचाच काही डाव नसेल ना? लग्नापासून सुनेशी पटत नव्हतंच तिचं. शिरूर येईस्तोवर मी दाजींसकट सगळ्यांना एकेकदा चोर ठरवून मोकळा झालो होतो.

आता कॉइलचं. माझ्याकडं दोन आहेत. एक अकरा इंची, मशीनबरोबर आलेली, आणि एक पाच इंची लहान. मोठी कॉइल खोल बघते, रुंद पट्टा मारते, काम झपाझप होतं. लहान कॉइल अडचणीच्या जागी शिरते आणि बारीक वस्तू धरते, पण तिच्यानं शेत बघायचं म्हणजे केस विंचरायच्या फणीनं अंगण झाडल्यासारखं. शिवाय आमची काळी माती स्वतःच कुरकुर करते, मशीनच्या कानात सारखी किरकिर चालू. मी विचार केला, सगळा फेरीचा मार्ग बघायचाय, मोठीच बरी. लहान दुकानातच ठेवली.

आणि मी काय शहाणपणा केला तो ऐका. शेतात गेल्यावर सगळ्यांसमोर अक्काच्या बोटातली अंगठी काढून घेतली, वीतभर खाली पुरली आणि वरून कॉइल फिरवली. खणखणीत आवाज! दाजींच्या, संदीपच्या, मनीषाच्या वडिलांच्या कानाला आळीपाळीनं हेडफोन लावून ऐकवलं. म्हटलं, "बघा, मशीन सोनं सोडत नाही. असेल तर वाजेल, नसेल तर नाही. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी."

मनीषाचे वडील रुमालानं तोंड पुसत कोपीपाशी जाऊन बसले. मनीषाला अक्कानं बांधावर उभं केलं होतं, मी जसा पुढं सरकेन तसं तिनं बांधानं पुढं सरकायचं. का, तर म्हणे फेरी कुठून घातली ते दाखवायला. मी जवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "मामा, मी कुणाला दिली न्हाई वो. गळ्यात हुती, आन् मंग न्हाई."

"तू गप्प ऱ्हा गं," अक्का ओरडली. "त्यास्नी काम करू दे."

कोपीच्या भोवती बघितलं. विहिरीजवळ बघितलं. हरभऱ्याच्या कडेनं बघितलं. काय निघालं म्हणाल तर बाटलीची बुचं, तुटलेली साखळी, नांगराचा एक बोल्ट. अंग घामानं भिजलं. दुपारी कोपीच्या सावलीत भाकर-पिठलं खाल्लं. मनीषानंच वाढलं, पण तिच्या हातचं पाणी संदीपनं घेतलं नाही, उठून स्वतः घेतलं. असला राग आला मला त्याचा! अरे, अजून काही ठरलं नाही ना गाढवा!

जेवणानंतर उरलेला तुकडा धरला. तिथली तूर नुकतीच काढलेली, नुसती धसकटं. मोठी कॉइल दर पावलाला अडकायची. पण एक बरं झालं, सकाळपासून कानात जी किरकिर चालली होती ती एकदम थांबली. म्हटलं चला, मशीन मातीशी जुळलं एकदाचं. एक पट्टा झाला, दुसरा झाला. शांत. अगदी शांत.

शेवटचा पट्टा बांधाच्या कडेचा होता. अक्का मागून म्हणाली, "झालं न्हवं? आता सांग तिच्या बापाला तूच."

मी मान हलवली. खरंच सांगणार होतो. तोंडात वाक्यही तयार होतं, 'पाहुणं, माळ शेतात नाही.' आणि तेवढ्यात कानात वाजलं.

सोन्याचा आवाज नव्हता तो. बारीक, खणखणीत असं काही नाही. जाड, घुमणारा... थ्री फेज मोटार सिंगल फेजवर अडकली की कशी जागच्या जागी हुंकारते, तसा. लोखंड, मी म्हटलं, आणि पुढं गेलो. लोखंडाच्या मागं लागलं तर दिवस पुरत नाही. चार पावलं गेलो आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. एवढं मोठं लोखंड यांच्या शेतात कशाला? नांगर लागला असता ना इतक्या वर्षांत? नक्की कुणीतरी पुरलंय. आमच्या भागात ही खोड आहे, कुणाचं बरं चाललेलं बघवलं नाही की खिळे, बिब्बे, टाचण्या पुरायच्या, आणि मग 'करणी निघाली' म्हणून बोंब ठोकायची. म्हटलं, उद्या हे निघालं की तेही या पोरीच्याच नावावर जाणार. आत्ताच उकरून तोंडावर मारतो सगळ्यांच्या.

परत आलो. त्याच जागी पुन्हा तोच हुंकार. मी कॉइल धरून जागीच थांबलो. माझं मशीन कॉइल हलत असतानाच बोलतं, थांबवली की गप्प होतं. पंख्याचं पातं फिरलं तरच वारा, तसं साधं आहे ते. पण आवाज थांबेना! उन्हात स्क्रीनवरचं काही दिसत नव्हतं, तसंही मी कानावरच काम करतो. मशीन खाली ठेवलं, हेडफोन काढून भिरकावला आणि खुरप्यानं उकरायला लागलो.

येळवशीच्या दुसऱ्याच दिवशी तिकडं अवकाळी पाऊस झाला होता. वरची माती पापडासारखी धरलेली होती, एक भेग नाही, पावलाचा ठसा नाही. ती फोडली. खाली भुसभुशीत लागली. मग पोकळ. उंदराचं बीळ! ज्वारीची कणसं, शेंगांची टरफलं कोंबून ठेवलेली, आणि त्यात गुंतलेली... माळ. दोरा तुटलेला, कुरतडलेला, आंबिलीनं वाळून कडक झालेला, आणि मणी बहुतेक जिथल्या तिथं.

मी नुसतीच माळ वर धरली. आईच्या गळ्यात बघितलेली माळ ती. मनीषाचे वडील धावत आले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

अक्का काय म्हणाली असेल? माझी सख्खी बहीण, माझ्याच रक्ताची! म्हणाली, "मशीन येणार म्हनल्यावर रातच्याला आनून टाकली आसंल."

"आगं डोळे फुटले का तुझे?" मी असा ओरडलो की शेजारच्या शेतातली माणसं उभी राहिली. "वरची माती बघ! पाऊस पडल्यावर इथं कुणी बोट लावलेलं नाही!"

"बिळातून सारली आसंल."

बिळाचं तोंड बांधाच्या पलीकडच्या अंगाला होतं. दाजी तोवर दिवसभर चकार शब्द बोलले नव्हते. ते बांधावर पालथे झोपले, खांद्यापर्यंत हात घातला, बाहेर काढला, मातीचा हात अक्कासमोर धरला आणि म्हणाले, "पोचत न्हाई. आता पुरं कर." आंबील दोऱ्याला लागली, दोरा तुटून माळ पडली, वासानं उंदरानं ओढून नेली. यात न समजण्यासारखं काही नाही. ते मीही म्हणतो.

घरी आलो. बॅग ओसरीवरून आत गेली. संध्याकाळ व्हायची होती, अक्कानं नमतं घेऊन चहा टाकला होता. मला जरा माळ सापडल्याची चढलीच होती म्हणा ना. म्हटलं यांना माळेचा आवाज ऐकवू. मशीन जोडलं, सुरू केलं, अंगठी धरली. खणखणीत. मग माळ धरली.

काही नाही.

जवळ नेली. कॉइलला टेकवली. हलवली, उलटी केली, मुठीत गोळा करून धरली. काही नाही. पुन्हा अंगठी, खण्ण! पुन्हा माळ, चिडीचूप.

आणि मग मी एक मणी चिमटीत धरून निरखला. वाइंडिंगवाल्याला हे शेतात जायच्या आधी कळायला नको होतं का? अंगठी म्हणजे बंद वेढा, भरीव सोन्याचा. मशीनला तो लांबून कळतो. बोरमाळेचे मणी म्हणजे लाखेवर सोन्याचा कागदाइतका पातळ पत्रा, मधे दोरा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. अकरा इंची कॉइलला ते मणी म्हणजे वाळूचे खडे. मी अख्खा दिवस एका बहिऱ्या मशीनला साक्षीला उभं केलं होतं, आणि वर सगळ्यांना अंगठी वाजवून दाखवून त्या पोरीला फासावर द्यायची तयारी केली होती.

मग शेतात वाजलं काय? बिळात लोखंडाचा कण नव्हता. मी स्वतः हातानं चाळली होती माती.

कुणाला काही बोललो नाही. मशीन गुंडाळलं. अक्काला कळलं असतं तर पुन्हा नवा फाटा फुटला असता.

निघताना मनीषा गाडीपर्यंत सोडायला आली. पदर डोक्यावर, डोळे सुजलेले. मागं कुणी नाही बघून हळूच म्हणाली, "मामा, येक बोलू का? रागावणार न्हाई न्हवं?"

"बोल की."

"तुमच्या कानातल्याची वायर सुटली हुती."

"कधी?"

"जेवल्यापासनं. मागं लोंबत हुती, धसकटात घासायली हुती. सांगावं म्हनलं, पन मला कोन बोलू द्यायलं हुतं?" ती थोडं थांबली. "मशीन वाजलंच न्हाई मामा. तुमी डोळ्यानं बघितलं आसंल न्हाईतर काय की... पन तुमी वाजल्यासारकं केलं. माझ्यासाठी केलं. ह्ये मी मरस्तवर इसरायची न्हाई."

आणि वाकून पाया पडली.

तिला काय सांगणार होतो मी? की बाई गं, मी तुला वाचवायला आलोच नव्हतो? आणखी दहा पावलं चाललो असतो तर तुझ्या बापाला मीच सांगणार होतो की तुझी लेक चोर आहे? मी "हाव" म्हणालो आणि गाडीला किक मारली. नांदेड येईस्तोवर कुठं थांबलो नाही.

नंतर सगळं तपासलं. पाच इंची कॉइल लावून, अक्काकडून माळ मागून घेऊन बघितलं. अगदी बोटभर अंतरावर आणल्यावर तिनं कसाबसा एक क्षीण आवाज दिला. मोठी कॉइल आजही माळेला बहिरी आहे. केबल तपासली, जोड तपासले, मशीन ठणठणीत. हेडफोनचा प्लग ढिला नव्हता, घट्ट बसतो. जेवायच्या वेळी मशीन बाजूला ठेवताना कशात तरी अडकून निघाला असेल, हे मला पटतं. किरकिर का थांबली तेही मग कळतं. पण प्लग बाहेर होता, स्पीकर मशीनला नाहीच, तर तो हुंकार माझ्या कानात आला कुठून?

मनीषा खोटं बोलली असेल, हाही विचार करून झालाय. माझा स्वभाव तुम्हाला कळला असेलच. पण खोटं बोलून तिला मिळणार काय होतं? आणि उकरताना हेडफोन भिरकावला तेव्हा मशीन जागचं हललं नव्हतं. वायर जोडलेली असती तर ओढलं गेलं असतं. हे मला पुष्कळ नंतर, दुकानात काम करता करता आठवलं आणि हातातली तार तशीच राहिली.

आता दर येळवशीला मनीषाचा आग्रहाचा फोन येतो. कोपीत पहिलं ताट मला वाढते, आणि पाहुण्यांना सांगते, "मामा नसते तर मी आज हितं नसते." अक्काही हसून मान डोलावते. एकदा मी मनीषाला बाजूला घेऊन सांगून टाकलं, की पोरी, मी नाटक नव्हतं केलं, मला खरंच ऐकू आलं होतं. ती हसली. म्हणाली, "आसू द्या मामा. मी कुणाला सांगायली न्हाई." जन्मभर मी कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि माझ्या एकुलत्या एका खऱ्या गोष्टीवर आता कुणी विश्वास ठेवत नाही!

तर विचारणाऱ्या भाऊ, काळ्या मातीत मोकळ्या रानासाठी अकरा इंची घ्या, धसकटात आणि बारीक दागिन्यासाठी पाच इंची. आणि जे शोधायचं तसलीच वस्तू आधी पुरून बघा, दुसरी नाही. बाकीचं मला कळलेलं नाही. दुकान बंद करायच्या आधी कधीतरी मी तो हेडफोन नुसताच कानाला लावून बसतो, वायर खाली मोकळी सोडून. अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.